खांबाजवळची बाई

आमच्या घरी आईचा फोटो नव्हता. लग्नातलाही नाही. गिरणी कामगाराच्या घरात त्या काळी पितळेची भांडी असत, देव असत, फार तर रेडिओ असे. फोटो काढायला शहरातल्या सदर भागात स्टुडिओत जायचं हे साहेबलोकांचं काम. आई गेली तेव्हा मी नुकती भिंतीला धरून चालायला लागले होते म्हणे. तिची म्हणून एकही आठवण मला नाही. लोक सांगायचे, पोरीचं नाक अगदी आईवर गेलं. मग मी आरशासमोर उभी राहायची, नाक सोडून बाकी सगळं हातांनी झाकायची आणि उरलेली आई जुळवू पाहायची. नुसत्या नाकावरून आई उभी राहत नाही, हे मी फार लहानपणी शिकले.

आई गिरणीत होती. सूत रिळांवर गुंडाळायचं एक खातं होतं, त्यात सगळ्या बायकाच. बाबा मागावर. दोघांची ओळख काही गिरणीतली नाही, लग्न आधी झालं होतं. पण बाबा सांगत, जेवणाच्या सुट्टीत ते रीळ खात्याच्या दारातून डोकवायचे, तेव्हा ती खिडकीकडच्या खांबाजवळ दिसायची. "तिची जागाच होती ते," असं ते म्हणत. आईविषयी बाबा एवढंच बोलत. पुढचं विचारलं की चष्मा पुसत बसत.

मला वाढवलं मावशीनं. आईची ही धाकटी बहीण. आई कधी आजारी पडली, अडली, तर तिच्या जागेवर बदलीवर जायची. बदली म्हणजे कायमच्या माणसाऐवजी त्या दिवसापुरतं दुसरं माणूस. गिरणीच्या फाटकापाशी अशा बायका रोज आशेनं उभ्या असत. जागा घरातच राहावी म्हणून लोक आपलंच माणूस बदलीला पाठवत. आई कायमची गेली आणि मावशी तिच्या जागेवर कायमची झाली. वर्ष सरल्यावर वडीलधाऱ्यांनी बाबांशी तिचं लग्न लावून दिलं. पोर लहान आहे, परकी बाई आणण्यापेक्षा घरचीच बरी, एवढा सरळ हिशेब. तिला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. गळ्यात मंगळसूत्रासोबत मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक बांधतात, तसा तिनंही बांधला. सवत म्हणजे सख्खी बहीण.

मी तिला मावशीच म्हणायची. लग्न झालं म्हणून हाक बदलली नाही, आणि बदल असं तीही कधी म्हणाली नाही. तिला स्वतःचं मूल झालं नाही. पुढे नवी यंत्रं आली, बायकांचं खातं मोडलं, तेव्हा मावशी घरी बसून विड्या वळू लागली. खोकला तेवढा तिनं गिरणीतून बरोबर आणला होता. जिभेची तिखट होती. मी भाकरी जाड थापली तर म्हणायची, "हे काय वं, ढोराच्या पायाखाली ठेवाले केली काय?" आणि तीच भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायची.

ऐंशीनंतर आमची गिरणी बंद पडली. एकदम पडली नाही, आधी एक पाळी गेली, मग एक शेड गेली, मग भोंगा गेला. ज्या भोंग्यावर अख्ख्या वस्तीची चूल पेटायची तो वाजेनासा झाला तेव्हा बाबा कितीतरी दिवस पहाटे उठून नुसते खाटेवर बसायचे. मावशी म्हणायची, "झोपा आता, कोन बलावून राहिलं तुमाले?"

मी तेव्हा महापालिकेच्या शाळेत मास्तरीण होते. माझं लग्न जमलं नाही, ते असो. चौथीच्या मुलांना घेऊन एका वर्षी शहराच्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात गेले. तिथं गिरणीचं एक दालन नव्यानं मांडलेलं होतं. जिवंत असताना ज्या गोष्टीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही तिला मेल्यावर काचेत ठेवायचं, हा आपला जुनाच धर्म. काचेत मागावरचे धोटे होते. हजेरीचे पितळी बिल्ले होते. कोणाचा तरी जेवणाचा डबा होता, घासूनपुसून लखलखीत केलेला. दारातच प्लॅस्टरचा एक गिरणी कामगार उभा केला होता, कोरं धोतर, गोरेपान गाल, पोट सुटलेलं. असा गुबगुबीत कामगार मी जन्मात पाहिला नव्हता. आणि कोपऱ्यात भोंगा. एका पोरानं विचारलं, "बाई, हा वाजते काय?" मी उत्तर देण्याआधीच तिथला शिपाई ओरडला, हात लावू नको.

भोंग्याच्या वरती भिंतीवर फोटो होते. साहेब, मुकादम, पाहुणे, त्यांच्या गळ्यातले हार. आणि एका टोकाला लांबलचक खोलीचा फोटो: यंत्रांच्या रांगा, यंत्रांपाशी उभ्या बायका. खाली लिहिलं होतं, रीळ खात्यातील महिला कामगार. मुलं पुढच्या खोलीत पळाली तरी मी तिथेच.

पण चेहरे नव्हते. खात्यात कापसाचे बारीक तंतू सारखे उडत, म्हणून बायका लुगड्याचा पदर नाकातोंडावरून घेऊन मागे घट्ट बांधत. साहेबाच्या फोटोसाठीही कोणी तो सोडला नव्हता. यंत्र थांबवायची परवानगी नसेल. नुसते डोळे. रांगेनं उभे असलेले, एकसारखे दमलेले डोळे. यातली एक माझी आई होती, आणि कोणती ते मला कळत नव्हतं. आरशासमोर मी नाक ठेवून बाकी झाकायची. इथं नेमकं नाकच झाकलेलं.

आधी विचारायचं ते बाबांना, आणि बाबांची नजर चालली होती. काचबिंदू. मेडिकलच्या, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं होतं, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते किती दिवस राहील सांगता येत नाही. बाबांचे डोळे जाण्याआधी मला तिथं पोचायचं होतं. त्याच रविवारी रिक्षा सांगितली.

मावशीला म्हटलं, तूही चल. तुला तर सगळ्याच बायका ओळखू येतील.

"मले काय पाहाचं हाये तिथं?" ती विड्यांचं सूप मांडीवरून न हलवता म्हणाली. "त्या मशिनीनं माही छाती खाल्ली. आता तिकीट काढून तिचं दर्शन घेऊ काय?"

तिच्या नादी कोण लागणार. आम्ही दोघंच गेलो.

दारातल्या प्लॅस्टरच्या माणसाशी बाबा अडखळले. त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाले, "हा कोन साहेब होय वं?" कामगार आहे म्हटल्यावर हसले. खूप दिवसांनी हसले. भोंग्यापाशी मात्र बराच वेळ थांबले. तळवा टेकवून, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा. शिपाई त्या दिवशी काही बोलला नाही.

फोटोसमोर नेलं तर बाबांनी नाक काचेला लावलं, मान इकडे केली, तिकडे केली. मग म्हणाले, "खांब कुठी हाये?"

मी त्यांचं बोट धरून खांबावर ठेवलं.

"मंग ही," ते म्हणाले, आणि बोट थोडं खिडकीच्या अंगाला सरकवलं. "ही तुही माय."

"बाबा, नीट पाहा."

"पाहाचं काय त्याच्यात? खांबापाशी तिचीच जागा. तिच्या जागेवर दुसरं कोन उभं राहीन?"

गिरणीत माणूस जागेवरून ओळखतात. बाबांनाही तिथं नावानं कोणी ओळखत नसे, अमक्या रांगेतल्या अमक्या मागावरचा, एवढंच. तेव्हा मला त्यांचं बोलणं पटलं. खरं सांगायचं तर मला पटवून घ्यायचंच होतं. मी त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ते मला ओळखीचे वाटले. मोठे, जरा खोल, कॅमेऱ्याकडे पाहायला लाजणारे. मी तिथेच, त्या शिपायासमोर, मास्तरीण असून हमसून हमसून रडले.

दालन सांभाळणारे गृहस्थ भले होते. त्यांनी फोटो उतरवून सदरच्या एका फोटोवाल्याकडे नेऊ दिला. त्यानं खांबाजवळची बाई तेवढी मोठी करून दिली. गृहस्थांनी आईचं नाव विचारलं, कागदाच्या पट्टीवर सुंदर अक्षरात लिहिलं आणि मूळ फोटोखाली खांबाच्या बरोबर खाली चिकटवलं. इतक्या बायकांत नाव असलेली एकटी माझी आई. मला केवढा अभिमान वाटला.

फ्रेम करून फोटो घरी आणला. मावशीनं हात लुगड्याला पुसले, फोटो घेतला, दारातल्या उजेडात नेला. पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड तेव्हा कसं दिसत असेल कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा आई मिळालेल्या बाईचं दिसेल तसं दिसत असेल.

"कोनं दाखोली?" तिनं विचारलं.

"बाबांनी."

"बरं," ती म्हणाली. पदरानं काच पुसली. "दक्षिणेच्या भिंतीले लाव. गेलेल्या मानसाचा फोटो तिकडेच लावतात." खिळाही तिनंच शोधून दिला. संध्याकाळी बाजारातून झेंडूचा हार आणला आणि पाटावर चढून स्वतः घातला. खाली उतरताना तिला खोकल्याची उबळ आली, तेवढंच.

मग आमच्या घरात आई राहू लागली. शाळेत जाताना मी तिला सांगून जायची, आल्यावर सांगायची. तिच्याशी भांडलेसुद्धा एकदा, इतक्या लवकर का गेलीस म्हणून. मावशी विड्या वळत ऐकत असायची. रोज उदबत्ती तीच लावायची, हार सुकला की तीच बदलायची. आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पितरांना जेवू घालतात. मातीची घागर भरायची, चिंचवणी करायची, पळसाच्या पत्रावळीवर पान वाढायचं. मावशी आता ते पान फोटोसमोर मांडू लागली. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यात खुपायची. ती फोटोला नमस्कार करत नसे. घागरीला करायची, पानाला करायची, फोटोकडे पाठ फिरवून चुलीकडे जायची. मी मनात म्हणायची, मेली तरी सवत ती सवतच. बहीण असली म्हणून काय झालं.

पुढे बाबांचे डोळे पूर्ण गेले, आणि एका उन्हाळ्यात बाबाही गेले.

तेरवीला कन्हानहून एक म्हातारी आली. रीळ खात्यात मावशीशेजारी काम केलेली. मुलगा तिकडे खाणीत लागला म्हणून तिकडेच राहायला गेली होती. बायका जेवायला बसायच्या होत्या. मी बाबांचा फोटो लावायला दक्षिणेच्या भिंतीवर खिळा ठोकत होते. म्हातारी खालून वर पाहत होती. पाहता पाहता तिनं कपाळाला हात लावला.

"ओ माय!" ती मावशीला म्हणाली. "तुह्या फोटोले हार कोनं घातला वं? जित्या बाईले हार?"

मावशीनं तिचा दंड धरला. "तुले दिसत नाही आता. ते माही बहीन होय."

"मले नाही दिसत? तुह्याच बाजूले तं उभी होती मी. तुही बहीन मेडिकलमंदी होती ना तवा, बाळंत व्हाले. तू बदलीवर आली होती. फोटोवाला आला अन् तू लाजून लाजून मरून राहिली होती, मीच तुले खांबाजवळ ढकललं." मग माझ्याकडे वळून, मोठ्या कौतुकानं, "तुह्याच खेपेची गोष्ट होय हे, पोरी."

हातोडी माझ्या हातातच राहिली. बायका माझ्याकडे वळून पाहू लागल्या. म्हातारीला काहीतरी चुकलं एवढं कळलं. काय ते कळलं नाही. ती बिचारी आपली पत्रावळ ओढून बसली.

आई त्या फोटोत नव्हती. ती माझ्यामुळेच नव्हती. मी जन्माला येत होते.

सगळे पांगल्यावर मी मावशीसमोर जाऊन बसले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. इतके दिवस मी भिंतीशी बोलत होते आणि ही ऐकत होती.

"तू सांगितलं काहून नाही?"

ती दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून बसली होती. "तू फोटो घेऊन आली तवा तुह्या तोंडाकडं पाह्यलं मी. जीभच नाही उचलली."

"अन् बाबांना माहीत होतं?"

"त्याहिले दिसत कुठं होतं? जागा पाहून सांगतलं त्याहिनं. जागा तं तिचीच होती, ते काही खोटं नाही."

"मावशी, तू रोज स्वतःच्या फोटोला उदबत्ती लावत होतीस."

"मंग? जित्या मानसाच्या मरनाची हूल उठली तं त्याचं आयुष्य वाढते म्हनतात. पाह्य नं, मेली काय मी अजून?" ती हसायला गेली आणि खोकत सुटली. मी पाठ चोळत राहिले. पाठ म्हणजे नुसती हाडं. तेव्हा मला कळलं, नमस्कार ती का करत नव्हती. स्वतःच्याच पाया कोण पडतं.

मी उठले आणि हार काढायला पाट ओढला. जित्या माणसाच्या गळ्यात हार मला एक क्षणही पाहवेना. तिनं माझं मनगट धरलं. विड्या वळून वळून तिची बोटं घोरपडीसारखी चिवट झाली होती, सुटेनात.

"उतरवू नोको. उतरवला तं मंग आखजीले पान कोनासमोर वाढशीन? तुही माय काय भिताडासमोर जेवीन?" मग जरा थांबून म्हणाली, "मले दुसरं काय देता आलं तुले? तिचं तोंड काही देता येत नव्हतं. माहं होतं, ते देलं."

हार राहिला. मला त्या रात्री माझ्या आईसाठी रडावं की समोर निजलेल्या बाईसाठी, हेच कळेना. आई दुसऱ्यांदा गेली होती आणि या खेपेला मी मोठी होते, सगळं समजत होतं.

संग्रहालयातही जाऊन आले. त्या भल्या गृहस्थांना सांगून नावाची पट्टी काढायची, नाहीतर मावशीचं नाव तरी लिहून घ्यायचं, असं ठरवून गेले होते. निघताना मावशीला सांगितलं तर म्हणाली, "राहू दे. मी बदलीवर होती. बदलीवालीचं नाव लागत नाही." मी तिथं पोचले, बाकावर बसले, फोटोकडे पाहिलं. खांबाजवळ अठरा-वीस वर्षांची एक पोर उभी होती. लग्न नाही, मूल नाही, खोकला नाही. बहिणीला मुलगी झाली की मुलगा, याचाच विचार करत असेल. पट्टी तशीच ठेवून मी परत आले.

त्यानंतर मी तिच्या फार मागे लागले, एकदा सदरला चल, फोटो काढू, तोंड उघडं ठेवून, नीट. नवं लुगडं घेते म्हटलं. दरवेळी तेच उत्तर, "एक हाये नं भितीवर. एका मानसाले किती फोटो लागतात?" मी चिडायची. ती म्हणायची, बरं, थंडी सरली की जाऊ. थंडी सरली की ऊन फार झालं म्हणायची. मग तिचा श्वासच पुरेना, आणि मेडिकलच्या वॉर्डात कोण फोटो काढतं.

ती अहेव गेली नाही, धड विधवेसारखीही राहिली नाही. जशी जगली तशीच, कुणाची जागा न अडवता गेली. शेवटी मी तिला माय म्हणून हाक मारली का, असं मला एकदोघींनी विचारलं. नाही मारली. मावशीच म्हटलं. ती त्याच हाकेला ओ द्यायची, आणि मला तिनं ओ द्यायला हवी होती.

तेरवीच्या दिवशी शेजारच्या बायका म्हणाल्या, फोटो काढून ठेव, हार घालायचा आहे. मी दक्षिणेच्या भिंतीकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, तो तुझ्या आईचा, मावशीचा दे. मी म्हटलं, हाच. हार तर होताच. तिनंच घातलेला, सुकून काळा पडलेला. मी तो उतरवला आणि ताजा घातला.

आखजीला मी आता त्या एका फोटोसमोर दोन पानं वाढते.